डायलिसिस चालू असताना बदललेला गुडघा पुन्हा बदलायचा का?

पत्र:

माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. नऊ वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. त्यानंतर छान चालायच्या, तळजाईच्या टेकडीवर फिरून यायच्या. चार वर्षांपासून डायलिसिसवर आहेत, मंगळवार-गुरुवार-शनिवार. गुडघा वर्षभर कुरकुरत होता, पण गेल्या दीड महिन्यात चांगलाच सुजलाय, पाय टेकवत नाही. एक्स-रे बघून हाडांचे डॉक्टर म्हणाले, सांधा सैल झालाय, रिव्हिजन, म्हणजे सांधा पुन्हा बदलायचं ऑपरेशन, करावं लागेल. किडनीचे डॉक्टर म्हणाले, शक्यतो या भानगडीत पडू नका. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला दोन महिन्यांपूर्वी बंद पडला, तेव्हापासून गळ्याजवळ घातलेल्या नळीवर, म्हणजे परमकॅथवर, डायलिसिस चाललंय. नवा फिस्टुला केलाय, तो अजून तयार व्हायचाय. मागच्या शनिवारी डायलिसिस चालू असताना त्यांना थंडी वाजली, सिस्टरनी ब्लँकेट दिलं, मग बरं वाटलं. फॅमिली डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले, तेवढ्यापुरती सूज उतरते. यजमान आईला किडनी द्यायला तयार आहेत, तपासण्या सुरू आहेत. मामेसासरे म्हणतात, या वयात कशाला चिरफाड. सासूबाई काहीच बोलत नाहीत. ऑपरेशन करावं का? आणि आधी किडनी की आधी गुडघा?
– एक सून, धनकवडी

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. डायलिसिसवर थंडी वाजली, ब्लँकेट दिलं, बरं वाटलं. परमकॅथ असलेल्या माणसाला मशीन सुरू झाल्यावर हुडहुडी भरली, तर ती एसीची थंडी आहे असं धरून चालायचं नसतं. नळीत जंतू बसले असतील तर रक्त फिरायला लागलं की ते अंगभर जातात आणि थंडी वाजते. म्हणून हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता मी तुम्हाला दोन ओळी आधीच पाठवल्या: पुढच्या डायलिसिसला गेल्यावर रक्ताचं कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी, करायला सांगा, आणि ते अँटिबायोटिक द्यायच्या आधी. थंडी पुन्हा वाजली किंवा ताप आला, तर पुढच्या वाराची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डायलिसिसवरच्या माणसाला जंतुसंसर्ग असूनही ताप फारसा चढत नाही, हेही लक्षात असू द्या. ‘ताप नाही ना, मग काही नाही’ हा हिशेब इथे चालत नाही.

आता गुडघा. तुम्हाला वाटतंय की दोन डॉक्टर एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत. मी भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्यभर या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसलो, त्यामुळे मला तसं वाटत नाही. हाडांचे डॉक्टर गुडघ्याबद्दल बोलताहेत आणि किडनीचे डॉक्टर माणसाबद्दल. दोघांचंही खरं आहे. पण गुडघा का सैल झाला, हे तुमच्या पत्रानुसार दोघांपैकी कुणीच अजून पाहिलेलं नाही. ते कळेपर्यंत ‘करावं की नाही’ यावर घरात वाद घालण्यात अर्थ नाही.

बदललेला सांधा सैल होण्याची कारणं ढोबळमानाने दोन. एक म्हणजे झीज. आतलं प्लॅस्टिक झिजतं, त्याच्या बारीक कणांमुळे आजूबाजूचं हाड विरत जातं आणि सिमेंटची पकड सुटते. डायलिसिसवर हाड आधीच पोखरलेलं असतं, कारण कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरकाचा ताळमेळ बिघडलेला असतो. त्यामुळे इथे पकड सुटायला वेळ लागत नाही. दुसरं कारण जंतुसंसर्ग. वर्षभराची कुरकुर झिजेची असू शकते. पण परमकॅथ बसवला दोन महिन्यांपूर्वी आणि गुडघा सुजला दीड महिन्यापूर्वी, हा क्रम मला स्वस्थ बसू देत नाही. नळीतून रक्तात गेलेले जंतू कृत्रिम सांध्यावर जाऊन बसतात आणि तिथे चिकट थर करून राहतात. अँटिबायोटिकचा कोर्स घेतला की वरवरचे मरतात, सूज उतरते. कोर्स संपला की पुन्हा येते. तुम्ही वर्णन केलंय ते अगदी असंच आहे. अर्थात पत्रावरून निदान होत नसतं, शंका घेता येते एवढंच.

ही शंका मिटवायची तर गुडघ्यातलं पाणी काढून तपासावं लागतं. प्रकार छोटा असतो, पण तो हाडांच्या डॉक्टरांनी निर्जंतुक खोलीत करायचा, दवाखान्यातल्या टेबलावर नव्हे. पाण्यात पेशी किती आहेत ते मोजतात. दर मायक्रोलिटरमागे ३,००० च्या वर पांढऱ्या पेशी आणि त्यात ८० टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, असतील, तर जुन्या इम्प्लांटमध्ये जंतुसंसर्गाचा संशय पक्का होत जातो. कल्चर मात्र दोन-तीन दिवसांत निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं समजू नका. काही जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून प्रयोगशाळेला नमुना १४ दिवस ठेवायला सांगावं लागतं, आणि ते फॉर्मवर लिहिलेलं असावं लागतं. अँटिबायोटिक पोटात असताना काढलेलं पाणी खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. एरवी शेवटच्या गोळीनंतर साधारण दोन आठवडे थांबून पाणी काढतात. तुमच्याकडे थंडी वाजण्याचा प्रकार झालेला असल्यामुळे तेवढं थांबायचं की लगेच काढायचं, हे डॉक्टर ठरवतील. पण तिसरा कोर्स सुरू करू देऊ नका. फॅमिली डॉक्टरांचा हेतू चांगलाच असणार, पण अशाने मूळ दुखणं झाकलं जातं.

रक्तातल्या सीआरपी आणि ईएसआर या सूज दाखवणाऱ्या तपासण्यांचे आकडे बघून मात्र घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. डायलिसिसच्या माणसांत ते मुळातच वाढलेले असतात. गेल्या वर्षभराचे जुने रिपोर्ट असतील तर ते शेजारी ठेवून आताचा आकडा पाहावा, तेव्हाच त्याला काही अर्थ येतो.

समजा, जंतू निघाले. मग मामेसासऱ्यांचा प्रश्न आपोआप मिटतो, कारण ऑपरेशन न करणं हा त्यावरचा सुरक्षित उपाय राहत नाही. आत पू असताना थांबलं तर तो रक्तात उतरतो, हृदयाच्या झडपांपर्यंत जाऊ शकतो. सूज अगदी ताजी असेल आणि सांधा घट्ट असेल, तर कधी सांधा उघडून स्वच्छ धुऊन फक्त प्लॅस्टिकचा भाग बदलतात. दीड महिना उलटलाय आणि सांधा सैल आहे, म्हणजे ती वेळ बहुधा गेली. अशा वेळी बहुतेक ठिकाणी दोन टप्प्यांत काम करतात. आधी सगळा सांधा आणि सिमेंट काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात, त्याला स्पेसर म्हणतात. मग साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक, आणि जंतू गेल्याची खात्री पटल्यावर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये नवा सांधा. मधले आठवडे कठीण असतात, वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही. दुसरं ऑपरेशन शरीराला झेपणार नाही असं दिसलं, तर गुडघा ताठ जोडून टाकणं किंवा अँटिबायोटिकवर दाबून ठेवणं हेही मार्ग आहेत. ऐकायला ते हार मानल्यासारखे वाटतात, पण प्रत्येक वेळी तसं नसतं.

यात डायलिसिसचा एक फायदाही आहे, तो कुणी फारसं सांगत नाही. सहा आठवड्यांच्या इंजेक्शनांसाठी घरी नर्स नको की रोज सुई नको. व्हॅन्कोमायसिन, सेफाझोलिन अशी औषधं डायलिसिसच्या शेवटी मशीनवरच देता येतात, आठवड्यातून तीनदा. यासाठी दंडातून घालायची लांब नळी, जिला पिक लाइन म्हणतात, ती कुणी सुचवली तर आधी किडनीच्या डॉक्टरांना फोन लावा. त्या नळीने शिरा खराब होतात आणि पुढे फिस्टुलाला जागा उरत नाही. आणखी एक गोष्ट. स्पेसरमधलं औषध झिरपून रक्तात उतरतं, आणि ते बाहेर टाकायला किडनी नाही. जेन्टामायसिनसारखं औषध साठलं तर कानावर परिणाम होतो. ऐकू कमी येतंय का, कानात आवाज येतो का, हे आठवड्यातून एकदा तरी विचारा. सासूबाई स्वतःहून सांगणाऱ्यातल्या नाहीत, हे तुमच्या पत्रातूनच कळतंय.

समजा, जंतू नाहीत, नुसती झीज आहे. मग घाई कसली? अशा वेळी मी किडनीच्या डॉक्टरांच्या बाजूने आहे, निदान काही महिने तरी. नवा फिस्टुला वापरात येऊ द्या, परमकॅथ काढला जाऊ द्या, मगच चाकू. गळ्याजवळ नळी असताना नवा सांधा बसवायचा म्हणजे जंतूंना आमंत्रण देणं आहे. तोवर वॉकर, गुडघ्याला आधार देणारा पट्टा, घरात कमोड. काखेत धरायच्या कुबड्या नकोत. त्यांचा दाब दंडावर येतो आणि फिस्टुला बंद पडू शकतो. कदाचित तेवढ्यावरच निभेल.

आधी किडनी की आधी गुडघा याचं उत्तर यातच आहे. जंतू असतील तर आधी गुडघा, याला पर्याय नाही. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होतात. अंगात कुठेही पू असताना कोणतीही प्रत्यारोपणाची टीम पुढे जाणार नाही. जंतू नसतील आणि यजमानांच्या तपासण्या पार पडत असतील, तर आधी किडनी. डायलिसिसवर असताना केलेल्या सांध्याच्या ऑपरेशनपेक्षा, किडनी बसून स्थिरावलेल्या माणसात ते साधारणपणे कमी गुंतागुंतीचं जातं. यजमानांची किडनी जुळली नाही, तर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लावता येतं. त्या यादीत नंबर यायला वर्षं जाऊ शकतात. तेवढी वर्षं गुडघ्याला थांबवायचं का, हा मग वेगळा विचार.

प्रत्यारोपण डोक्यात असेल तर रक्ताबद्दल आत्ताच बोलून ठेवा. रिव्हिजनमध्ये पहिल्या ऑपरेशनपेक्षा जास्त रक्त जातं, आणि डायलिसिसवर प्लेटलेट संख्येने पुरेशा असूनही नीट काम करत नाहीत. पण बाहेरचं रक्त चढवलं की त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि किडनी जुळणं अवघड होतं. आईच्या बाबतीत हे आणखी नाजूक. गरोदरपणातच आईच्या शरीरात मुलाच्या वडिलांकडून आलेल्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असू शकतात. म्हणून हिमोग्लोबिन ऑपरेशनआधीच इंजेक्शन आणि लोह देऊन वर आणायचं, आणि चढवावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागायचं. मुलाचं रक्त थेट आईला चढवायचं नाही. ‘घरचं रक्त चांगलं’ असं कॉरिडॉरमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं. इथे नेमकं तेच नको. रक्त चढवल्यानंतर क्रॉसमॅच (किडनी जुळते का ते पाहणारी तपासणी) पुन्हा करावा लागतो, हे प्रत्यारोपण समन्वयकांना कळवायला विसरू नका.

तयारीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते खाण्याकडे. किडनीचं दुखणं म्हणजे डाळ बंद, असं आपल्याकडे घराघरांत पक्कं बसलंय. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं कमी करतात, हे खरं. डायलिसिस सुरू झालं की उलटं. मशीनमधून प्रथिनं वाहून जातात, म्हणून वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम लागतात. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन ३.५ च्या खाली असेल तर जखम भरत नाही आणि ऑपरेशनची तारीख पुढे ढकलणं शहाणपणाचं. अंड्याचं पांढरं, मासे, चिकन, शाकाहारी असतील तर पनीर आणि मोजून डाळ, हे त्यांच्या आहारतज्ज्ञांना विचारून बसवा. साखरेचं दुखणं असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सीवर फार विसंबू नका, डायलिसिसवर तो आकडा फसवा कमी दिसतो. हाडासाठी पॅराथायरॉइडची तपासणीही हवी. भुसभुशीत भिंतीत खुंटी कितीही भारी मारली तरी ती हलतेच. शिवाय दात दाखवा, आणि नाकातला स्वॅब घ्यायला सांगा. स्टॅफिलोकोकस तिथे मुक्कामाला असतो आणि साध्या मलमाने जातो.

रुग्णालय निवडताना हाडांच्या डॉक्टरांचं नाव मोठं आहे एवढ्यावर जाऊ नका. पुण्यात उत्तम हाडांची रुग्णालयं आहेत, पण सगळीकडे डायलिसिसची मशीन नाही. विचारायचा प्रश्न एकच: ऑपरेशननंतर रात्री दोन वाजता पोटॅशियम वाढलं तर डायलिसिस याच इमारतीत होईल का? उत्तर ‘अँब्युलन्सने पाठवू’ असं आलं तर दुसरीकडे बघा.

तारीख तुम्ही सुचवू शकता. मंगळ-गुरु-शनि असल्यामुळे रविवार-सोमवारचा मोठा खंड पडतो, म्हणून मंगळवारी सकाळी ऑपरेशन नकोच. मला विचाराल तर बुधवार. मंगळवारी डायलिसिस होऊन पोटॅशियम, पाणी जागेवर आलेलं असतं, हिपॅरिनचा (मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाचा) असर उतरलेला असतो, आणि पुढचं डायलिसिस गुरुवारी, सगळे डॉक्टर कामावर असताना, हिपॅरिन न देता करता येतं. शुक्रवारचं ऑपरेशन झालं की तिसरा दिवस रविवार उजाडतो. तो मला नोकरीत असतानाही आवडायचा नाही. नव्या फिस्टुलाच्या हातावर ‘सुई नाही, बीपी नाही’ असं ठळक लिहून ठेवा. ऑपरेशनच्या टेबलावर तो हात दबणार नाही आणि बीपी फार पडणार नाही, हे भूलतज्ज्ञांना आधीच्या भेटीत सांगा. ते माहीत असतं त्यांना. तरी सांगा.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल: पॅरासिटामॉल चालतं. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको. उरलीसुरली लघवी जाते आणि पोटात रक्तस्राव होतो. मॉर्फिन आणि कोडीन शरीरात साठतात, माणूस गुंगीतच राहतो. त्याऐवजी फेन्टानिल, आणि पायाच्या नसेला भूल देऊन दुखणं बरंच आटोक्यात ठेवता येतं. प्रीगॅबालिन नेहमीच्या डोसात दिलं तर हातपाय झटके मारतात, बडबड सुरू होते आणि घरच्यांना वाटतं, म्हातारीला भ्रम झाला. रक्त पातळ ठेवायच्या इंजेक्शनांपैकी एनोक्सापॅरिन किडनीतून जातं, म्हणून ते नको किंवा फार जपून. पोट साफ व्हायला मॅग्नेशियमचं औषध नको, फॉस्फेटचा एनिमा नको. आणि भेटायला येणाऱ्यांच्या हातातलं शहाळं दारातच काढून घ्या. ऑपरेशननंतर पोटॅशियम वाढण्याच्या बेतात असतं, त्यात शहाळ्याचं पाणी. मोसंबीचा रसही तसाच. रागावले तर रागावू देत.

घरी आल्यावर गुडघ्याचं सगळ्यात जास्त नुकसान डायलिसिसच्या खुर्चीत होतं. चार तास बसायचं म्हणून प्रेमाने गुडघ्याखाली उशी देतात. आठवड्यातून तीनदा चार-चार तास गुडघा वाकलेला राहिला की तो तसाच आखडतो आणि पुढे सरळ होत नाही. उशी घोट्याखाली द्या, गुडघा मोकळा लटकू दे. दुखेल थोडं. फिजिओथेरपिस्टला डायलिसिस नसलेल्या दिवशी बोलवा, त्या दिवशी अंगात त्राण असतं. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, नव्याने ठरवायला लावा. पाय सुजलेला, मांडीचे स्नायू उतरलेले, अशात जुना आकडा धरून पाणी काढलं की बीपी पडतं, आणि बीपी पडलं की नवा फिस्टुला बंद.

पैशांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण विचारात असणारच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला मिळणारं संरक्षण २०२३ च्या निर्णयाने दीड लाखावरून ५ लाख रुपयांपर्यंत नेलं. डायलिसिस त्यात आहे. रिव्हिजनचं तुमच्या रुग्णालयात काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या कर्मचाऱ्याकडून, भरती होण्याआधीच विचारून घ्या. ससूनमध्येही योजनेचा कक्ष आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली, त्यात रिव्हिजनच्या इम्प्लांटची मर्यादा वेगळी आहे. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायला सांगा.

सासूबाई बोलत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यांसमोर ‘आई, ऑपरेशन करायचं ना?’ असं विचारल्यावर त्या काय बोलणार? मुलगा किडनी देतोय, सून धावपळ करतेय, त्यात आपलं आणखी एक. गुरुवारी डायलिसिसला तुम्ही एकट्याच सोबत जा आणि पहिल्या तासाभरात, त्या दमायच्या आत, विचारा की त्यांना नेमकं काय जमायला हवंय. संडासला स्वतःच्या पायांनी जायचं असेल तर ते एक उत्तर, पुन्हा तळजाईला जायचं असेल तर दुसरं. पहिल्यासाठी कदाचित ठोकळा बसवलेला किंवा ताठ जोडलेला गुडघाही पुरेल. त्या काय म्हणाल्या ते दोन्ही डॉक्टरांना सांगा, आणि दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. एकाची चिठ्ठी दुसऱ्याकडे नेण्यात तुमचे आठवडे जातील.

आणि हो, नऊ वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनची फाईल शोधून ठेवा. डिस्चार्ज कार्डाच्या मागे किंवा ऑपरेशनच्या नोंदीत इम्प्लांटची छोटी स्टिकर चिकटवलेली असतात, कंपनी, नंबर, माप असलेली. सांधा काढायला कोणती हत्यारं मागवायची ते त्यावरून ठरतं. घरी नसेल तर ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात सासूबाईंच्या सहीचा अर्ज द्या. कल्चरला दोन आठवडे लागणारच आहेत, तेवढ्यात ते होऊन जाईल.